तुम्ही विचारलंत म्हणून: वेळ कसा जातो?

"मॅडम, रिटायर झाल्यावर दिवसभर करता काय? वेळ कसा जातो?"

गेल्या पाच वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, याची मोजदाद नाही. जुन्या शाखेत पासबुक भरायला गेले की हमखास कुणीतरी विचारतं. ज्यांची निवृत्ती सहा महिन्यांवर आलीय, ते जरा आवाज खाली करून विचारतात. त्या खालच्या आवाजातली धास्ती मला ओळखता येते, कारण ती मीही भोगलीय. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

बँकेत मी चौतीस वर्षं काढली. आधी काउंटरवर, मग हेड कॅशियर, शेवटी अधिकारी. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, चांदीचा गणपती सगळं झालं. भाषणं झाली. पुरुष सहकारी निवृत्त होताना त्यांना "आता फिरा, छंद जोपासा" म्हणतात. मला प्रत्येकानं सांगितलं, "आता नातवंडांत रमा." माझी नात पुण्यात असते आणि तिची शाळा, क्लास सांभाळून महिन्यातून एकदा भेटते. तिच्यावर माझा फार जीव आहे, पण एका सात वर्षांच्या मुलीवर आजीचे उरलेले सगळे दिवस भरून काढायची जबाबदारी टाकायची, हे मला तेव्हाही पटलं नाही.

पहिले दोन महिने बरे गेले. कपाटं आवरली, राहिलेली लग्नकार्यं केली, सप्तशृंगीला जाऊन आले. नंतर मात्र सकाळचे सव्वादहा वाजले की जीव कासावीस व्हायचा. तीस-बत्तीस वर्षं त्या वेळेला मी पर्स खांद्याला लावून दारात उभी असायचे. आता त्याच वेळेला दुसरा चहा घेऊन टीव्हीसमोर बसायचे, आणि बसले की दुपार व्हायची. सुडोकू सोडवायचे. मेंदू ताजा राहतो म्हणतात ना! वर्षभर सोडवून मला सुडोकू चांगलं यायला लागलं, एवढंच. सकाळी काय ठरवलं होतं ते संध्याकाळी आठवत नसायचं ते नसायचंच.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. शेजारच्या सोसायटीत सतरंज्या अंथरल्या होत्या. सगळ्या बायकांबरोबर मीही खाली बसले. वाण घेतलं, तिळगूळ घेतला, आणि उठायची वेळ आली तेव्हा उठता येईना. एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर, तरी नाही. शेवटी दोघींनी काखेत हात घालून उठवलं. कुणी काही बोललं नाही, उलट फार मायेनं धरलं. पण घरी येऊन मी रडले.

फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलापेक्षाही लहान मुलगी. तिनं विचारलं, "काकू, चालता का?" मी अभिमानानं सांगितलं, रोज अर्धा तास, नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर. तिनं पुढं विचारलं, "आणि दिवसातून जमिनीवरून उठता किती वेळा?"

मी आठवायला लागले. जेवायला टेबल. स्वयंपाकाला ओटा. पूजेला स्टूल. फरशीला दांड्याचा पोछा. बाथरूममध्ये कमोड. भाजी निवडायची तीही सोफ्यावर. सोय म्हणून एकेक वस्तू घरात आली, आणि माझा जमिनीशी संबंधच संपला. माझी आई चुलीपुढं बसून पंचाहत्तराव्या वर्षीही हात न टेकता उठायची. तिनं कधी व्यायाम केला नाही, पण दिवसातून चाळीसदा तरी ती खाली बसून उठत असेल.

त्या मुलीनं समजावलं ते सांगते, कारण आपल्याकडं व्यायाम म्हणजे फक्त चालणं असं सगळे धरून चालतात. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. चालण्यानं हृदयाचं, फुप्फुसाचं भलं होतं, पण मांड्यांची ताकद आणि तोल हे वेगळे कमवावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी जे सांगितलं त्यातही हे तिन्ही आहे: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा तत्सम काही, किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल सांभाळायचा सराव. माझी साठी नुकतीच उलटली होती, पण ती म्हणाली, पासष्टीची वाट बघू नका. माझ्याकडं तिन्हीतलं एकच होतं.

तिनं दिलेले व्यायाम अगदी घरगुती आहेत. खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठायचं. कुकर लावला की ओट्याजवळ एका पायावर उभं राहायचं, एका शिट्टीला डावा, दुसऱ्या शिट्टीला उजवा. सुरुवातीला ओट्याची कड घट्ट धरावी लागे, आता एक बोट पुरतं. ज्वारी-बाजरीचं दळण पूर्वी गिरणीवाल्याचा मुलगा आणून द्यायचा, आता पाच किलोचा डबा मीच नेते आणि मीच आणते. आणि भाजी निवडायला जमिनीवर बसते.

इथंच थांबले असते तर चार महिन्यांत हेही सुटलं असतं. व्यायाम बरं व्हायचं म्हणून केला की बरं वाटल्यावर सुटतो. मला वर चढायला काहीतरी कारण हवं होतं, आणि ते खरोखरच वर होतं.

एका इतिहासप्रेमी मंडळानं ब्राह्मी, म्हणजे जुन्या शिलालेखांच्या लिपीचा वर्ग काढला होता, आठ रविवारांचा. मी नाव नोंदवलं ते केवळ रविवार जात नव्हता म्हणून. शिकवणारा मुलगा सव्वीस वर्षांचा. मी त्याला "सर" म्हणते, तो मला "काकू" म्हणतो. पहिल्या दिवशी त्यानं फळ्यावर अधिकचं चिन्ह काढलं आणि म्हणाला, हा क. मग एक गोल काढला, हा ठ. गोलात टिंब दिलं, हा थ. जन्मभर ज्या बाईनं अधिकच्या चिन्हापुढं रकमा मांडल्या, तिला त्या चिन्हात क दिसायला आठवडा लागला. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर मी पहिल्यांदा वर्गातली सगळ्यात कच्ची विद्यार्थिनी होते. सरांनी विचारलं की छातीत धडधडायचं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात अक्षरं फिरायला लागली, आणि कितीतरी महिन्यांनी डोक्याला खरंखुरं काम मिळालं.

त्याच वर्गात आणखी एक गोष्ट उघड झाली. मी मागं बसत होते आणि सरांचं निम्मं बोलणं मला कळत नव्हतं. वाटायचं, हल्लीची मुलं पुटपुटतात. कान तपासले तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं, बहुधा कित्येक वर्षं. म्हणजे लग्नकार्यात मी गप्प बसायचे, फोन टाळायचे, ते वय झालं म्हणून नाही! श्रवणयंत्र लावायला मी पंधरा दिवस कुरकुर केली. आज ते काढून ठेवलं तर घर परकं वाटतं. स्मृतिभ्रंशाची जी कारणं टाळता येण्यासारखी आहेत, त्यांची यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं केलीय. २०२४ च्या यादीत चौदा कारणं आहेत, आणि त्यात ऐकू कमी येणं, दिसू कमी येणं, हालचाल नसणं, माणसांपासून तुटणं ही चारही आहेत. माझ्याकडं चारपैकी दोन एकाच वेळी होती. चालणं होतं आणि चष्मा वेळेवर बदललेला. साठीच्या सगळ्यांना मी हात जोडून सांगते, साखर तपासता तसे कान तपासून घ्या.

आठ रविवार संपले तेव्हा सरांनी आम्हाला पांडवलेणीला नेलं. नाशिकच्या माणसानं लहानपणी सहलीला आणि पाहुणे आले की, एवढंच पाहिलेलं असतं ते ठिकाण. त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी, मुंबई-आग्रा महामार्गावरून दिसतात. पायथ्याशी फाळके स्मारक, तिथून दोनशेच्या आसपास पायऱ्या. त्या दिवशी मी चार वेळा बसले. आमच्यातले एक निवृत्त आयटीआय निदेशक, तेव्हा त्यांचं वय त्र्याहत्तर, ते एकदाही बसले नाहीत. पण पुढं गेलेही नाहीत, माझ्याजवळ उभे राहिले.

दहाव्या लेण्यात सरांनी टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरला. समोरून उजेड टाकला की भिंत नुसती खरबरीत दिसते. तिरका टाकला की कोरलेल्या खाचांत सावली भरते आणि अक्षरं उठून उभी राहतात. सर म्हणाले, "काकू, हा लेख तुमच्या खात्याचा आहे. वाचा."

नहपान क्षत्रप म्हणजे तेव्हाचा इथला राजा, त्याचा जावई उषवदात याचा तो शिलालेख, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. एकेक अक्षर लावत मी "इमं लेणं" इथवर आले आणि थांबले. लेणं. आपलाच शब्द! पुढं काय आहे? त्यानं तीन हजार कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, 'अक्षयनिवी' केलीय, म्हणजे मुद्दल कधी काढायचं नाही, फक्त व्याज घ्यायचं अशी कायम ठेव. ठेव कुठं, तर गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडं, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडं. गोवर्धन आजही गंगापूर रस्त्यावर आहे. दोन हजार एका श्रेणीकडं, शेकडा दरमहा एक दरानं. एक हजार दुसरीकडं, दर 'पायून', म्हणजे आपला पाऊण. दोन हजार लिहिताना 'सहस्रानि बे' असं लिहिलंय. बे एके बे मधला बे. आणि त्या दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी.

मी तिथंच वहीवर आकडे मांडले. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न पै जुळली! एवढं करून पुढं लिहिलंय की हे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं. कागदपत्रं पुरी. त्या अज्ञात हिशोबनिसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. खाली उतरले तेव्हा गुडघे दुखत होते आणि मला ते तासाभरानं लक्षात आलं.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही पाच-सहा जण जातो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा सार्वजनिक वाचनालयात बसतो. १८४० पासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे आणि मी नोकरीत असताना वर्षानुवर्षं त्याच्यावरून नुसती गेले! आता मी चढताना एकदाच थांबते. व्यायाम सुटलेला नाही, कारण एक आठवडा चुकला तर शनिवारी पाय लगेच सांगतात.

मंडळींनी मला एक काम दिलंय. लेखांची वही मी ठेवते, खतावणीसारखी. डाव्या पानावर अक्षरं जशी दिसली तशी, उजव्या पानावर वाचन, शंका लाल पेनानं. मागं एकदा दिवाळीनंतर मला कंटाळा आला आणि दोन शनिवार मी न कळवता दांडी मारली. तिसऱ्या शुक्रवारी रात्री निदेशकांचा फोन आला. "ताई, बरं आहे ना? वही तुमच्याकडं. आम्ही दोन शनिवार नुसते फिरून आलो." मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, उद्या डबा लवकर करते. मला काय वाटलं ते बँकेतल्या माणसांना सांगायला नको. आपण रजेवर असलो की तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडं, हा प्रश्न पडायचा. निवृत्तीनंतर तो प्रश्न कुणालाच पडत नाही, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त माणूस त्यानंच खचतो. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे मला पुन्हा मिळालं.

सगळ्यांना पायऱ्या जमणार नाहीत, हे मला माहीत आहे. माझ्या मैत्रिणीचे दोन्ही गुडघे गेलेत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तिला घराबाहेर पडायला मिळत नाही. ती अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. पदार्थविज्ञानाचं पुस्तक वाचताना तिला आधी ते स्वतः समजून घ्यावं लागतं, आणि परीक्षा जवळ आली की मुलं तिला "मावशी, पुढचा धडा?" म्हणून फोन करतात. तेव्हा लेणीच हवीत असं मुळीच नाही. पण जे आपल्याला आधीपासून येतं तेच करत बसू नका, एवढं मात्र आग्रहानं सांगते. मला निवृत्तीनंतर सोसायटीचं खजिनदारपद देत होते. मी नाही म्हटलं, आणि ते बरं केलं.

सध्या आम्ही तिसऱ्या लेण्यात आहोत, खांद्यांवर सगळी ओसरी पेलणारे सहा यक्ष आहेत तिथं. तिथला मोठा लेख गौतमी बलश्रीचा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ती आई; नातू पुळुमावी राज्यावर असताना, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिनं ते लेणं दान दिलं. लेखात ती स्वतःला महाराजांची माता आणि महाराजांची पितामही म्हणवते. आजी. लेख लांबलचक आहे, मान वर करून वाचावा लागतो, दहा मिनिटांत मान भरून येते. मागच्या शनिवारी एका अक्षरावर आमचं अडलं. ब्राह्मीत प आणि ह सारखेच दिसतात, ह ला उजवीकडं फक्त एक आकडी असते, आणि नेमका तिथं दगड खपलीसारखा उडालाय. निदेशक म्हणतात ह, मला प वाटतो. वहीत लाल पेनानं दोन्ही लिहून ठेवलेत. सरांची परीक्षा आहे, ते पंधरा दिवस येणार नाहीत.