आमची वाटचाल : लग्नपत्रिकेपासून प्रबंधापर्यंत

अमळनेरला दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही २००३ साली डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करण्याचं, काम सुरू केलं. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दशक्रियेची कार्डं. लग्नसराईत जेवायलाही फुरसत नसायची. मजकूर टाइप करायचा, ट्रेसिंगवर प्रिंट काढून ऑफसेटवाल्याला द्यायची. पान छान दिसलं की काम झालं, एवढीच समज. २००१ची आवृत्ती पेजमेकरची शेवटची ठरली, तरी आम्ही पुढे कितीतरी वर्षं त्यालाच धरून होतो.

ती समज मोडली एका पुस्तकानं. तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा अहिराणी लग्नगीतांचा संग्रह आम्हीच लावला होता. २०२४च्या फेब्रुवारीत ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरणार म्हटल्यावर गुरुजी आले. "भाऊ, दुसरी आवृत्ती काढनी शे."

जुनी फाईल काढून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतात, बदलला, तर पहिल्याच पानावर 'वर्ष'चं 'वषर्' झालेलं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवलेली असत. वेलांटी अक्षराआधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. आमच्या कन्व्हर्टरला तो सगळीकडे नीट फिरवता येईना. त्याहून मोठं दुखणं 'ऱ्ह'चं. अहिराणीत 'करी ऱ्हायना', 'जाई ऱ्हायनू' पानोपानी येतं, आणि आमच्या प्रुफात सगळीकडे 'र्हायना'. गुरुजींनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "हाई आपली बोली नही." फार लागलं ते. साधा र पुढच्या अक्षराला जोडला की रफार होतो. आडव्या अर्ध्या र साठी खाली टिंब असलेला ऱ टाइप करावा लागतो. १६० पानं आम्ही ओळ न ओळ वाचून दुरुस्त केली.

तेव्हापासून मजकूर लिहायचा तो युनिकोडमध्येच, वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये. शीर्षकं नुसती ठळक करून नाही, स्टाइल लावून, म्हणजे 'हे शीर्षक आहे' असं सॉफ्टवेअरला सांगून. स्टाइल लावलेली असली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. विद्यापीठाचे प्रबंध आम्ही वर्डमध्येच पूर्ण करतो, कारण मार्गदर्शक शेवटच्या दिवसापर्यंत बदल सुचवतात. गणिताचा प्रबंध आला तर मात्र लाटेक, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं तयार करायची प्रणाली. समीकरणांचे क्रमांक आणि संदर्भ त्यात जसे जागेवर राहतात, तसे आम्हाला दुसरीकडे कुठे मिळाले नाहीत. मराठीसाठी त्यातलं झीलाटेक घ्यायचं, ते युनिकोड फॉन्ट थेट वापरतं. शिकायला वेळ लागतो. आमच्या मुलीनं चिकाटीनं शिकून घेतलं.

पुस्तकाची मांडणी इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं भाडं दरमहा भरावं लागतं, लहान धंद्याला ते जड जातं, पण पुस्तकाच्या कामात ते निघतं. त्यात वर्ल्ड-रेडी कंपोजर हा भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय निवडायला विसरलात तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. भाषा मराठी ठेवली आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीचे नाही.

आता नवं सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट आला की आधी एकच ओळ लावून बघतो : 'वर्ष, कार्य, तऱ्हा, दऱ्या, करी ऱ्हायना'. तिची पीडीएफ काढायची, त्यात 'वर्ष' शोधायचं, ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवायची. ती जशीच्या तशी उतरली, तरच ते गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर कामाला लागतं.