पाण्यावरच्या एसटीचे आरक्षण

सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे फिरू लागले आहेत आणि इकडे आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर अलास्काचा नकाशा पसरलेला आहे. मी सिएटलहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर सोलापूरला आले आहे. येत्या जूनमध्ये आई आणि अप्पा आमच्याकडे यायचे आहेत, आणि ते आले की चौघांनी मिळून कॅम्पर व्हॅनने उत्तरेला अलास्कापर्यंत जाऊन यायचे, हा बेत मी आणि माझा नवरा वर्षभर नुसताच बोलत होतो. तो कागदावर उतरला मात्र इथे, सोलापुरात. कारण अप्पांनी एकतीस वर्षे एसटीची गाडी चालवली आहे, आणि वेळापत्रक नसलेल्या प्रवासाला ते प्रवास म्हणायलाच तयार नाहीत.

कॅम्पर व्हॅन म्हणजे काय, हे त्यांना समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत. आत झोपायला दोन जागा, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी आणि संध्याकाळी जिथे थांबू तिथे मुक्काम, एवढे ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मुक्कामी गाडीच की. आम्ही सीटवर झोपायचो, तुम्ही पलंगावर झोपणार." यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

या प्रवासाचा पहिला टप्पा रस्त्याने नाही, जहाजाने आहे. सिएटलच्या उत्तरेला सुमारे १४० किलोमीटरवर बेलिंगहॅम नावाचे बंदर आहे. तिथून अलास्का मरीन हायवेची फेरी निघते, आणि आपली गाडी तिच्या पोटात घालून आपण कॅनडाच्या किनाऱ्याजवळून, बेटांच्या आडोशाने, अलास्काच्या आग्नेय भागात जातो. ही सेवा अलास्का राज्य सरकार चालवते. ती १९६३ साली सुरू झाली. आधी तिचे दक्षिणेकडचे शेवटचे बंदर सिएटल होते, ते १९८९ मध्ये बेलिंगहॅमला हलवले गेले. आलिशान पर्यटक जहाजे याच पाण्यातून जातात, पण ही फेरी त्यांच्यातली नव्हे. वाटेवरच्या बहुतेक गावांना बाहेर जाणारा रस्ताच नाही. खुद्द राज्याची राजधानी जुनो हिलाही गाडीने पोहोचता येत नाही. विमान किंवा बोट, एवढेच मार्ग. त्यामुळे दवाखान्याला निघालेली माणसे, खेळायला दुसऱ्या गावी चाललेली शाळेची मुले, घरसामान लादलेल्या गाड्या, सगळे याच जहाजात असतात. मी हे सांगितल्यावर अप्पांनी त्या सेवेचे नाव "पाण्यावरची एसटी" असे ठेवून टाकले आणि तेव्हापासून त्यांचा या बेतावर विश्वास बसला.

जहाज उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी बेलिंगहॅमहून सुटते. केचिकान हे पहिले गाव यायलाच सुमारे ३८ तास लागतात. मग रँगेल, पीटर्सबर्ग, जुनो असे करत सोमवारी हेन्सला उतरायचे. म्हणजे तीन रात्री जहाजावर. आईने उजनीच्या धरणापलीकडे मोठे पाणी पाहिलेले नाही, त्यामुळे तिची पहिली शंका पोटात ढवळण्याची होती. बराचसा मार्ग बेटांच्या आतून असल्याने पाणी शांत असते, फक्त क्वीन शार्लट साउंडपाशी काही तास समुद्र उघडा लागतो आणि तिथे जहाज हलते, हे मी तिला प्रामाणिकपणे सांगून टाकले. रँगेल आणि पीटर्सबर्ग यांच्यामध्ये तर सुमारे ३५ किलोमीटरची अरुंद खाडी आहे, जिच्यातून जहाज साठाहून अधिक दिवे आणि बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, सांभाळत वळणे घेत जाते. अप्पांना ती जागा घाटासारखी वाटली. ती कितीही वाजता आली तरी आपण डेकवर उभे राहणार, असे त्यांनी आताच जाहीर केले आहे.

आरक्षणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळा बेत त्याच एका खिळ्यावर टांगलेला आहे. माणसांचे तिकीट वेगळे, केबिनचे वेगळे आणि गाडीचे वेगळे. गाडीचे भाडे तिच्या लांबीवर ठरते, आणि लांबी म्हणजे माहितीपत्रकात छापलेली नव्हे, तर मागे अडकवलेल्या सायकलींच्या स्टँडसकट, पुढच्या बंपरपासून मागच्या टोकापर्यंतची. मी आधी १९ फूट लिहून मोकळी झाले होते. "मागची पायरी धरलीस का?" असे अप्पांनी विचारले, तेव्हा गाडी भाड्याने देणाऱ्याला पुन्हा विचारले, आणि उत्तर २१ फूट आले. चुकीची लांबी लिहून बंदरावर गेलो असतो तर फरक भरावा लागलाच असता, आणि जहाज भरलेले असते तर गाडीला जागा मिळणेही अवघड झाले असते. उन्हाळ्यातल्या केबिन आणि गाड्यांच्या जागा महिनोन्महिने आधी संपतात, म्हणून हे काम जानेवारीतच उरकायचे होते. एका शंकेसाठी आरक्षण कार्यालयाला फोन करायचा, तर अलास्कात सकाळचे आठ म्हणजे सोलापुरात रात्रीचे साडेदहा. अख्खे घर जागे राहून स्पीकरवर ते बोलणे ऐकत होते.

केबिन मिळाली नाही तरी लोक जातात. वरच्या डेकवर अर्धवट बंद, छताखाली गरम हवेचे दिवे लावलेली एक जागा असते, तिथे आरामखुर्च्यांवर पथाऱ्या पसरतात. काही जण तर उघड्या डेकवर तंबू ठोकतात आणि खुंटी मारता येत नाही म्हणून तो चिकटपट्टीने चिकटवतात. आम्ही दोघेच असतो तर मी तेच केले असते. आई-अप्पा बरोबर असल्यामुळे चार जणांची केबिन घेतली आहे. आपल्याच कॅम्परमध्ये पलंग असताना वेगळी केबिन कशाला, हा आईचा प्रश्न बिनतोड होता, पण जहाज चालू असताना गाड्यांचा डेक बंद असतो आणि गाडीत झोपायला परवानगी नसते. गॅसची टाकीही बंद करावी लागते. आमच्या गाडीतला फ्रिज थांबलेल्या गाडीत गॅसवरच चालतो, म्हणजे तीन दिवस तोही बंद.

या एका नियमाने आमच्या शिध्याचा प्रश्न सोडवला. फ्रिज नको, शेगडी नको आणि महिनाभर टिकले पाहिजे, असे अन्न सोलापूरकराला शोधावे लागत नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी. ज्वारीच्या त्या पापडासारख्या भाकरी आई डब्यात उभ्या रचून देणार आहे, आणि चटणी उखळात कुटलेलीच हवी, मिक्सरमधली नव्हे, यावर घरात एकमत आहे. जहाजावर कॅफेटेरिया आहे, तरीही. हेन्सच्या पुढे लागणाऱ्या कॅनडाच्या सीमेवर मात्र ताजी फळे आणि भाज्या यांची विचारपूस होते, तेव्हा जे बरोबर आहे ते विचारल्यावर सांगायचे आणि हेन्सला उतरेपर्यंत ताजे सगळे संपवायचे, असे ठरले आहे. सोलापुरी चादरी किती न्यायच्या, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. एकेका बॅगेला २३ किलोची मर्यादा आहे आणि आईच्या हिशेबात चादर वजनात धरायची नसते.

आता दिशेचा प्रश्न. बरेच जण जाताना गाडीने जातात आणि येताना फेरीने परततात. आम्ही उलटे ठरवले, आणि त्याला कारणे आहेत. जहाजाची तारीख ठरलेली असते. ती प्रवासाच्या शेवटी ठेवली, तर वाटेत टायर फुटला किंवा रस्ता बंद झाला की उरलेले सगळे दिवस घड्याळाकडे पाहत काढावे लागतात. ती सुरुवातीला ठेवली, तर घरापासून बंदर दोन तासांवर, चुकायचे काही कारण नाही, आणि पुढचा रस्ता आपल्या सवडीने. शिवाय मुंबईहून एवढा लांबचा विमानप्रवास करून आलेल्या दोन ज्येष्ठांना जहाजावर तीन दिवस नुसते बसायला मिळेल. जहाजे जुनी आहेत; या मार्गावरचे कोलंबिया १९७४ सालचे आहे. वेळापत्रक बदलू शकते हे गृहीत धरून आम्ही हेन्सच्या पुढे कुठलेही आरक्षण पहिल्या दोन दिवसांत ठेवलेले नाही.

आणि कागदपत्रे. भारतीय पासपोर्टवर हा प्रवास करणाऱ्याने नकाशा उघडण्याआधी हे पाहावे. बेलिंगहॅमहून निघालेले जहाज थेट अलास्कातच, म्हणजे अमेरिकेतच थांबते. पण हेन्सहून अलास्काच्या मुख्य भागात जाणारा एकमेव रस्ता कॅनडातून जातो. ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही. आम्हा दोघांसारखे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर लागतो, आणि अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असलेल्या आई-वडिलांनाही वेगळा काढावा लागतो. आमचे दोघांचे व्हिसा आहेत. आई-अप्पांचे अर्ज भरून झाले आणि बोटांचे ठसे द्यायला मागच्या आठवड्यात पुण्याला एक फेरी झाली. परत अमेरिकेत प्रवेश करायचा आहे, म्हणून त्यांच्या अमेरिकी व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा आहे ना, हेही पाहून घेतले. व्हिसा आलाच नाही तर काय, याचीही तजवीज आहे. गाडी न नेता पायी प्रवासी म्हणून जहाजावर चढायचे, जुनोला उतरायचे, तिथली हिमनदी पाहायची आणि तसेच जहाजाने परतायचे. अप्पांना तो बेत अजिबात मान्य नाही, पण तो वहीत लिहिलेला आहे.

रस्त्याचा आराखडा मी केला होता तेव्हा रोज ६०० किलोमीटर धरले होते. अप्पांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, आणि लाल पेनाने प्रत्येक आकडा निम्मा केला. "एक्स्प्रेसवेवरचे सहाशे वेगळे," एवढेच म्हणाले. ते बरोबर होते, हे नंतर वाचल्यावर कळले. हेन्सहून पुढे लागणारी सीमाचौकी रात्री बंद असते, त्यामुळे पहिली रात्र हेन्सलाच काढायची. तिथून हेन्स जंक्शन सुमारे २४६ किलोमीटर. पुढे क्लुआनी सरोवराच्या काठाने गेले की डावीकडे ज्या पर्वतरांगा दिसतात, त्यांच्यामागे कॅनडातले सर्वोच्च शिखर माउंट लोगन आहे, ५,९५९ मीटरचे. त्यानंतर सीमेपर्यंतचा रस्ता मात्र वाईट आहे, आणि तो कोणाच्या हलगर्जीपणामुळे नाही. खालची जमीन बारमाही गोठलेली असते. वर काळा रस्ता आला की तो ऊन शोषतो, खालचा बर्फ वितळतो, आणि रस्ता लाटेसारखा खालीवर होतो. अशा लाटेवर वेगात गेलेली कॅम्पर आतली सगळी भांडी एकदम खाली टाकते.

सीमेपलीकडे अलास्कात टोक नावाचे गाव लागते. टोक हे वाटेच्या शेवटी नसून मध्येच आहे, याची आईला फार गंमत वाटते. तिथून अँकरेज सुमारे ५३० किलोमीटर. देनाली राष्ट्रीय उद्यानात खासगी गाड्यांना साधारणपणे पहिल्या २४ किलोमीटरपर्यंतच सोडतात, पुढे उद्यानाची बस घ्यावी लागते, हे ऐकून अप्पांना मनापासून बरे वाटले. परतीचा मार्ग बहुतांशी अलास्का हायवेने, जो १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी अमेरिकी सैन्याने सुमारे आठ महिन्यांत उघडला. आज तो कॅनडातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत २,२०० किलोमीटरच्या आसपास आहे. अँकरेज ते सिएटल हा सगळा पल्ला ३,६०० किलोमीटरच्या घरात जातो. लाल पेनाच्या हिशेबाने बारा दिवस, आणि एक दिवस धुण्याभांड्यांचा. जहाजापासूनचा सगळा प्रवास धरून एकूण सत्तावीस दिवस होतात.

गाडीचे बोलायचे, तर पहिल्या ठिकाणी भाडे ठरवून झाल्यावर अलास्कात आणि खडीच्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही, अशी अट बारीक अक्षरांत निघाली आणि ते आरक्षण सोडावे लागले. दुसऱ्या ठिकाणी परवानगी लेखी घेतली. अप्पांचा प्रश्न एकच होता: "स्टेपनी आहे का?" नव्हती. पंक्चर काढायचे एक किट देतात म्हणे. त्यावर अप्पा ज्या नजरेने माझ्याकडे पाहत राहिले, त्यानंतर जादा पैसे भरून पूर्ण आकाराचे चाक मागवले. पेट्रोलपंपांत शे-दीडशे किलोमीटरचे अंतर पडू शकते, म्हणून काटा निम्म्यावर आला की भरायचे, हा नियमही त्यांचाच. विम्यात चालक म्हणून आम्हा दोघांचीच नावे आहेत, ही गोष्ट मी त्यांना अजून नीट सांगितलेली नाही.

परतीच्या वाटेवर कॅनडाच्या युकॉन प्रदेशात वॉटसन लेक हे गाव लागते. रस्ता बांधताना १९४२ मध्ये घराच्या आठवणीने कासावीस झालेल्या एका सैनिकाने तिथे आपल्या गावाच्या नावाची आणि अंतराची पाटी ठोकली. पुढे येणारे-जाणारे आपापल्या गावांच्या पाट्या लावत गेले आणि आज तिथे हजारो पाट्यांचे रान उभे आहे. हे मी सहज सांगितले. दुसऱ्या दिवशी अप्पा नव्या पेठेतून पत्र्याचा एक तुकडा कापून घेऊन आले, बॅगेत मावेल असा, दोन फुटी. गाडीच्या कपाळावर असते तशी पाटी: पिवळ्या जमिनीवर काळ्या अक्षरांत "सोलापूर". अंतर किती लिहायचे, ते विचारले. सरळ रेषेत ११,००० किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे एसटीच्या भाड्याच्या सहा किलोमीटरच्या टप्प्याने अठराशेच्या वर टप्पे, असा हिशेब त्यांनी लगेच मांडला आणि लगेच खोडलाही, कारण एसटीत अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत, रस्त्याने मोजतात. पाटी सध्या गच्चीवर वाळते आहे. किलोमीटरच्या आकड्यापुरती खाली जागा मोकळी सोडलेली आहे.