हरिहरेश्वर ते रत्नागिरी: तीन खाड्या आणि पेडलांचा प्रश्न

नोव्हेंबरात धाकट्या भावासोबत हरिहरेश्वरहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याने सायकलवर गेलो. त्याच्या सायकलला पिनांची साधी फ्लॅट पेडलं, माझ्या सायकलला एसपीडी, म्हणजे बुटाच्या तळव्याला लावलेला धातूचा तुकडा (क्लीट) ज्यात ‘खट्’ करून अडकतो ती पेडलं. वाटेत तीन फेरीबोटी लागतात: बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल असं समजून निघू नका. खाडी आली की रस्ता सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढ. बोटीतून सायकल ढकलत बाहेर पडायचं आणि मागे गाड्यांचे हॉर्न वाजत असताना चढावरच निघायचं. धोपाव्याला माझा एक बूट अडकला, दुसरा काही केल्या बसेना. वेग संपला आणि मी डाव्या कुशीवर आडवा झालो. कोपर चांगलंच सोलवटलं.

बूट उलटा करून पाहिला तर क्लीटच्या खाचेत ओली वाळू आणि तांबडी माती घट्ट बसलेली. केळशीच्या पुळणीवर तेच बूट घालून हिंडलो होतो ना! काडीने माती कोरून काढली, तेव्हा कुठे ‘खट्’ झालं.

दुसरा त्रास बोटांचा. तासा-दोन तासांत उजव्या पायाची बोटं बधिर व्हायची. गुहागरला मुक्कामी 4 मिमीच्या ॲलन कीने क्लीट टाचेकडे सरकवले, जेमतेम 5 मिमी. दुसऱ्या दिवशी मुंग्या गेल्या. नवे बूट घेण्याआधी एवढं करून पाहाच.

हेदवीला बामणघळ बघायला भाऊ खडकांवरून सरळ चालत गेला. माझे क्लीट दगडावर सटकत होते, मी अनवाणी गेलो. मात्र फ्लॅटलाही कडक तळव्याचेच बूट हवेत. पातळ तळव्याच्या बुटांत पहिल्या दिवशी त्याचे चवडे ठणकत होते.

महामार्गावर सलग तासन्‌तास चालवायची असेल तर मी आजही एसपीडीच लावेन. किनाऱ्याला मात्र फ्लॅट. दर दोन-तीन तासांनी उतरावं लागतं, पायाची जागा बदलता येते, आरे-वारेच्या चढावर दम लागला तर पाय पटकन टेकतो. दोन्ही हवं असेल तर एका बाजूला फ्लॅट, दुसऱ्या बाजूला एसपीडी अशी पेडलंही मिळतात.

निघण्यापूर्वी पेडलं एकदा सोडवून आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. रत्नागिरीला सायकली रेल्वेसाठी बांधताना भावाची पेडलं हाताच्या जोराने निघाली. माझी, बिनग्रीसची, 15 मिमीच्या पान्यावर दोघांनी जोर लावला तेव्हा सुटली.