त्रापानी: न झालेल्या रस्त्याचा किनारा

इटलीच्या सिसिली बेटावर, स्कोपेल्लो गावाच्या बाजूने झिंगारोच्या किनाऱ्यावर शिरताना आधी एक बोगदा लागतो, मोटारींसाठी खोदलेला. त्यातून पलीकडे गेलं की मोटाररस्ता कुठेच नाही. फक्त पायवाट, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे खाली समुद्र. सिसिलीच्या पश्चिम टोकाला, त्रापानी प्रांतात, स्कोपेल्लोहून सान व्हितो लो कापोपर्यंत किनाऱ्यालगत रस्ता काढायचं ठरलं होतं, कामही सुरू झालं होतं. १९८० च्या मे महिन्यात हजारो माणसं इथे मोर्चाने आली आणि काम थांबलं. पुढच्याच वर्षी झिंगारो हे सिसिलीतलं पहिलं राखीव निसर्गक्षेत्र झालं.

सुमारे सात किलोमीटरचा हा किनारा ताई आणि मी सावकाश चाललो. वाटेत सगळीकडे पंख्यासारख्या पानांचे खुजे ताड. त्यांच्या पानांच्या टोपल्या, झाडू, दोर इथले लोक पूर्वी विणत. अधूनमधून वाट खाली उतरते आणि पांढऱ्या गोट्यांची एखादी छोटी पुळण लागते. पाणी इतकं नितळ, की पोहणाऱ्यांच्या सावल्या तळाशी दिसतात. आत खायला-प्यायला काही मिळत नाही, त्यामुळे पाणी भरपूर घ्या. कोकणातल्या किनाऱ्यांवर माझा जीव आहे, आणि तिथे रुंद होत चाललेले रस्तेही मी पाहते. म्हणून झिंगारोतल्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटला.

पलीकडच्या टोकाला सान व्हितो. तिथे पांढऱ्या वाळूचा रुंद किनारा आहे आणि माशांच्या रश्श्यातला कुसकुस मिळतो. पसरट मातीच्या भांड्यात रव्यावर पाणी शिंपडत, बोटं गोल फिरवत कण वळायचे, मग वाफवायचे, ही रीत समुद्रापलीकडच्या ट्युनिशियाची. आता ती इथल्या घराघरात आहे. आम्ही खाल्ला तो विंचवासारख्या काटेरी माशाच्या रश्श्यातला होता. त्यात बदामही होते. बदाम, टोमॅटो, लसूण आणि तुळशीच्या जातीतली बेसिल कुटून केलेली इथली चटणी पिळदार पास्त्याला लावतात, तीही चुकवू नका.

एरिचे हे साडेसातशे मीटर उंचीवरचं दगडी गाव. त्रापानीहून रोपवेने वर जाता येतं. गल्ल्या देखण्या आहेत, पण दुपारी गर्दी फार. संध्याकाळी धुकं चढल्यावरच ते गाव मला आवडलं.

त्रापानीपासून मार्सालाकडे जाताना मिठागरं सुरू होतात. मुलुंड-भांडुपची मिठागरं लहानपणापासून पाहत आलेल्या आम्हाला रीत ओळखीची होती: समुद्राचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात न्यायचं, प्रत्येक ठिकाणी उन्हाने ते दाट होऊ द्यायचं. इथे पाणी चढवायला आणि मीठ दळायला पवनचक्क्या होत्या, त्यांतल्या काही अजून उभ्या आहेत. मिठाचे ढीग पावसाआधी कौलांनी शाकारतात. समोरच्या उथळ खाजणात मोत्स्या बेट आहे. ते फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं शहर. इसवी सनपूर्व ३९७ मध्ये सिराक्यूज या ग्रीक शहराच्या सत्ताधीश डायोनिसियसने ते उद्ध्वस्त केलं आणि वाचलेल्यांनी किनाऱ्यावर नवं शहर वसवलं, तेच आजचं मार्साला. इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी १८६० मध्ये आपले हजार सैनिक घेऊन उतरला तोही इथेच.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते आतलं, शेतांमधलं त्रापानी. सेजेस्ता या प्राचीन शहराचं देऊळ टेकडीवर एकटं उभं आहे. छत्तीस खांब जसेच्या तसे, पण त्यांवर पन्हळी कोरायच्या राहिल्या, छप्पर चढलंच नाही. पायऱ्यांच्या दगडांवर उचलण्यासाठी ठेवलेले उंचवटेसुद्धा कुणी तासले नाहीत. दक्षिण किनाऱ्यावरच्या सेलिनुंतेशी या शहराचं पिढ्यान्‌पिढ्या वैर. शेवटी सेजेस्ताने उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला मदतीला बोलावलं आणि इसवी सनपूर्व ४०९ मध्ये सेलिनुंते पडलं.

त्या पडण्याचा खरा अर्थ मला सेलिनुंतेच्या प्रचंड अवशेषांत नव्हे, तर थोड्या अंतरावरच्या काव्हे दि कुझा या खाणीत कळला. तिथे ऑलिव्हच्या झाडांमध्ये सेलिनुंतेच्या देवळाच्या खांबांचे अवाढव्य गोल दगड अजून खडकातच आहेत. भोवती माणूस शिरून छिन्नी चालवेल एवढी खाच कोरलेली, खालचा भाग मात्र सुटलेला नाही. काही दगड सुटून वाटेला लागले आणि तिथेच राहिले. घाव जिथे थांबला, तिथे छिन्नीच्या खुणा आहेत. मी त्या खाचेत उतरून हात लावला. त्रापानीत एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर हे बघा. बसच्या भरवशावर राहू नका, गाडी भाड्याने घ्या आणि भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

शेवटी जिबेल्लिना. जानेवारी १९६८ च्या भूकंपात हे गाव पार कोसळलं, लोकांना दूर नव्या गावात हलवलं. आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराने जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर पांढऱ्या काँक्रीटचे माणसाएवढ्या उंचीचे ठोकळे ओतवले. मधल्या भेगा म्हणजे साधारण जुन्या गल्ल्या. १९८९ मध्ये काम अर्धवट थांबलं, ते २०१५ मध्ये पुरं झालं.

ताईला ते सोसलं नाही. ‘अगं, खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे,’ ती म्हणाली, ‘त्यावर असं ओतायचं?’ मला वाटत होतं, ओतलं नसतं तर गवत माजलं असतं आणि या गल्ल्यांतून आज कुणीच चाललं नसतं. तिचं म्हणणं, कुझाचे दगड कुणी झाकले नाहीत तरी आपण तिथे गेलोच ना. मात्झाराच्या बंदरात पोहोचून जेवायला बसेपर्यंत आमचा हाच वाद चालू होता.