सूर्य बाई कशी असेल मॅडम?

आठवीला जर्मन शिकवायला घेतलं की पहिल्या महिन्यात रडारड ठरलेलीच, डेर-डी-दास, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे त्याच्या आधी लागणारे शब्द, कसे लक्षात ठेवायचे म्हणून. मी म्हणते अरे तुम्ही मराठी पोरं, तो-ती-ते जन्मापासून बोलताय, इंग्रजीवाल्यांना टेन्शन येऊ दे की! मग परवा डब्यातला चमचा, काटा आणि घरून आणलेली सुरी टेबलावर मांडली. आपल्याकडे चमचा तो, काटा तो, सुरी ती. जर्मनमधे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी चक्क नपुंसकलिंगी. वर्गात नुसता दंगा. त्यात सूर्य स्त्रीलिंगी कळल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, सूर्य बाई कशी असेल?" आता काय सांगणार, चंद्र मात्र तिकडेही पुरुषच आहे एवढंच म्हटलं 😄

आकडे मात्र झटक्यात जमले. इंग्रजीत ट्वेंटी-फाइव्ह, पण पंचवीस म्हणताना आपण आधी पाचच म्हणतो ना, जर्मनही तसंच, फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश, पाच आणि वीस. हे त्यांनीच शोधलं, मी सांगितलं नव्हतं.

आंतरराष्ट्रीय जाणीव वगैरे म्हणून आपल्याकडे काय होतं तर झेंड्यांचे तक्ते आणि फॅन्सी ड्रेस. मला ते खरंच बोअर होतं. त्यापेक्षा औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज जाणाऱ्या पोरांना विचारलं की हे ब्रेमेन काय आहे, तर अर्धे म्हणाले बिल्डरचं नाव असेल. उत्तर जर्मनीतलं शहर आहे रे बाबांनो, पुण्याशी त्याची जुनी मैत्री आहे! पुढच्या तासाला नकाशा घेऊन जाणारे.