परीक्षेत गप्प न बसणारे सर

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असं ग्रुपवर सगळे मागे लागले तेव्हाच मी सांगून टाकलं की गॅदरिंग आणि मांडूच्या सहलीबद्दल बाकीचे लिहितील, मला त्या दोन वर्षांबद्दल लिहायचंय ज्यात आमच्या घरावर एकामागून एक संकटं आली. देवावर भरवसा कसा ठेवायचा हे मी तेव्हा शिकले, आणि त्यातलं बरंचसं आपल्या शाळेत शिकले, जिथे अख्ख्या वर्गात मी एकटीच ख्रिश्चन होते.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, आजोबा मिलमध्ये काम मिळालं म्हणून इंदूरला आले. ख्रिस्ती लोक इथे तसे जुनेच, कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ साली आलं आणि आपलं ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं, पण आमच्या चर्चमधली उपासना हिंदीत असायची. मराठी प्रार्थना घरी. रात्री जेवायच्या आधी पप्पा नगरकडच्या चालीवर भजन म्हणायचे आणि शेजारचे देशपांडे काका ओट्यावर बसून ऐकायचे.

नव्वदच्या आसपास इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडायला लागल्या ते तुम्हाला आठवत असेलच, कारण आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या घरी तेच चाललं होतं. पप्पांची पण बंद झाली. पगार गेला, हक्काचे पैसे अडकले, पप्पा पाटनीपुऱ्यात एका दुकानात हिशोब लिहायला जायला लागले, आईने शिवणकाम सुरू केलं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते. त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या किडन्या खराब झाल्याचं कळलं. तो आपल्याच शाळेत सातवीत होता. पाय इतके सुजायचे की शाळेचे बूट चढायचे नाहीत, मग तो पप्पांच्या चपला घालून यायचा, आणि प्रार्थनेच्या रांगेत बुटांची तपासणी व्हायची तेव्हा त्याच्या वर्गाच्या बाई मुद्दाम त्याच्यासमोर येऊन उभ्या राहायच्या म्हणजे कुणाचं लक्ष जायला नको.

चर्चच्या मंडळीने उपास केले, रात्रभर प्रार्थना झाल्या. पावसाळ्यात तो गेला.

त्यानंतर घरी जी माणसं येत होती त्यांचं बोलणं मला आजही ऐकू येतं. कुणी म्हणे देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा बघतो. कुणी म्हणे घरात काही पाप राहिलं असेल, कबूल करा. एक जण तर आईला म्हणाले की पूर्ण विश्वासाने मागितलं असतं तर मूल वाचलं असतं! ज्या बाईने गुडघे दुखेपर्यंत प्रार्थना केली तिला. मी तेव्हा दहावीत होते, मला उलटून बोलता आलं नाही, पण ते चूक होतं हे मला तेव्हाही कळत होतं आणि आज तर मी ठामपणे सांगते की अशा वेळी असं बोलणं क्रूरपणा आहे, मग तोंडात कितीही वचनं असोत.

आणि मग आपले गणिताचे सर आले. वारकरी घरातले, कपाळाला बुक्का. ते लोखंडी कॉटच्या कडेला पप्पांशेजारी बसले आणि काहीच बोलले नाहीत. चहा झाला तरी नाही. उठताना फक्त म्हणाले, "उद्या येतो." आणि आले, परवाही आले.

त्याच दिवसांत मी पप्पांच्या जुन्या बायबलमध्ये ईयोबाचं, म्हणजे काही चूक नसताना सगळं गमावलेल्या एका माणसाचं, पुस्तक पहिल्यांदा सलग वाचलं. आम्हा ख्रिस्ती लोकांत त्याचं एकच वाक्य सगळ्यांना पाठ असतं, परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं. ते पहिल्या अध्यायात आहे. पण पुस्तक ४२ अध्यायांचं आहे हो! तिसऱ्याच अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि पुढे देवाला सरळ विचारतो की माझ्याशी असा का वागतोस. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर सुरुवातीला सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, आणि माझ्या मते त्यांनी केलेलं तेवढंच एक चांगलं काम, कारण तोंड उघडल्यावर तेही हेच म्हणतात की तुझंच काही चुकलं असेल. शेवटी देव रागावतो तो कुणावर? त्या मित्रांवर. माझ्याबद्दल खरं बोलला तो ईयोब, असं म्हणतो. हे वाचलं आणि मी रडले, कारण तोपर्यंत मला वाटायचं की मी रात्री अंथरुणात देवाशी जे भांडत होते तेच पाप आहे. मग बायबलमधलीच स्तोत्रं काढली. १३ वं स्तोत्र सुरूच होतं "कोठवर" असं विचारत, आणि ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ सुद्धा नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. भांडायचं ते देवाशीच, त्याच्याकडे पाठ फिरवून नाही, इतकं मला तेव्हा पक्कं समजलं.

एक वाक्य हल्ली फॉरवर्ड होत असतं की परीक्षा चालू असताना शिक्षक गप्प असतो म्हणून संकटात देव गप्प असतो. मला नाही पटत. आपले सर चाचणी परीक्षेत कधी गप्प बसले? ते बाकांमधून फिरायचे, जिथे गाडी अडली त्या पायरीवर पेन्सिलीचं टोक टेकवायचे आणि पुढे जायचे. उत्तर सांगायचे नाहीत, पण आपण एकटे नाही हे कळायचं. ईयोबालाही देव वावटळीतून बोलला. का, ते सांगितलंच नाही, उलट मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास असं त्यालाच विचारलं, पण आला तर खरा ना त्याच्याशी बोलायला.

मराठीच्या बाईंनी पंडिता रमाबाईंबद्दल सांगितलं तेव्हा सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला होता. दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली, मग भाऊ, लग्नानंतर थोड्याच काळात नवरा, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा. त्या केडगावला बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, ते काम त्यांनी सोडलं नाही, आणि १९२२ मध्ये स्वतः गेल्या. बाई ख्रिस्ती नव्हत्या पण हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

विश्वास ठेवला की सगळं नीट होतं असं मी कुणालाच सांगत नाही. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात राजाच्या मूर्तीच्या पाया पडत नाहीत म्हणून तीन तरुणांना आगीच्या भट्टीत टाकणार असतात, तेव्हा ते भट्टीसमोर उभे राहून राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीच्या पाया पडणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" माझ्या कामी आलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात माझे मिस्टर ऑक्सिजनवर होते, इंजेक्शनसाठी आमचा मुलगा कडक उन्हात रांगेत उभा होता, तेव्हा मी हेच म्हणत होते. मिस्टर वाचले. आमच्याच गल्लीतली दोन माणसं नाही वाचली, आणि त्यांच्या घरच्यांची प्रार्थना आमच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती.

आता आम्ही मंडळीतल्या चार-पाच बायका मिळून हॉस्पिटलमध्ये जातो, कुणाचा डबा, कुणाच्या पेशंटजवळ रात्रीचं बसणं, असं. वचन मागितलं तरच वाचतो. धर्म विचारत नाही. आपल्या कुठल्याही बॅचमधल्या कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणी गेलं असेल, तर माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाका, लाजू नका. इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलला असाल तर फारच सोपं, माझं घर तिथून जवळ आहे, जेवण गरम पोचेल.