वेंगुर्ल्याची वखार आणि नागासाकीचे बेट

वेंगुर्ल्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना डच वखारीच्या छप्पर गेलेल्या भिंतींचे वर्णन करून सांगायला नको. 17व्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रावरून कोंडी करणाऱ्या डच आरमाराला रसदीसाठी हे बंदर सोयीचे होते, म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीने येथे तटबंदीची वखार बांधली. त्याच कंपनीची नागासाकीतली वखार पाहण्याचा योग गेल्या वर्षी आला.

तिचे नाव देजिमा. शोगुनाच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, हुकमावरून नागासाकीच्या व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घालून 1634 ते 1636 या काळात समुद्रात भराव घातला आणि पंख्याच्या आकाराचे, जेमतेम दीड हेक्टरचे बेट उभे केले. ते मुळात पोर्तुगीजांसाठी होते, कारण शोगुनाला त्यांचा व्यापार हवा होता, धर्मप्रसार नको होता. शिमाबाराच्या उठावानंतर (त्यात बरेच ख्रिस्ती शेतकरी होते), 1639 मध्ये, पोर्तुगीजांना हाकलून देण्यात आले आणि 1641 मध्ये हिरादो या जपानी बंदरातल्या डचांना त्या रिकाम्या बेटावर आणून बसवले गेले. किनाऱ्याशी जोडणारा पूल एकच, त्यावर पहारा, परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकण्यास मनाई, आणि या कोंडवाड्याचे भाडेही दरवर्षी कंपनीनेच भरायचे! वेंगुर्ल्यात तिने स्वतःच्या बचावासाठी भिंती बांधल्या; येथे तिलाच आत ठेवण्यासाठी कुंपण घातले होते. नफ्यापुढे मानापमान गिळणारी ही व्यापारी जात मला तरी देजिमावर अधिक नीट कळली.

डच जहाजे येथून जपानी तांबे घेऊन जात आणि त्यातले पुष्कळ भारताच्या बंदरांत विकले जाई. उलट दिशेने आपल्याकडचे रंगीत कापड तिकडे पोचले. जपानी लोक त्याला सारासा म्हणतात. डच ग्रंथही याच वाटेने आले, आणि जपानी वैद्य सुगिता गेनपाकू व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतला शरीररचनेवरचा एक ग्रंथ 1774 मध्ये जपानीत आणला.

पुढे बंदराच्या कामात भोवतीचा समुद्र भरत गेला आणि 1904 पर्यंत बेट शहराच्या पोटात गडप झाले. आज शेजारून ट्राम धावते. खोदकाम करून जुन्या दगडी कडा उघड्या केल्या आहेत, इमारती पुन्हा उभारल्या आहेत, आणि 2017 मध्ये नवा पादचारी पूलही झाला. त्यावरून जाऊन, तिकीट काढून मी आत शिरलो. आमच्या वखारीला तिकीट नाही. शेवटचा गेलो तेव्हा काटेरी झुडपे बाजूला सारण्यासाठी कोयती मात्र बरोबर न्यावी लागली होती.